नववी-दहावीचं रसायनशास्त्र: वहीत दिसलेलं उतरू दे

काही वर्षांपूर्वी प्रयोगवह्या तपासत होतो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकण्याचा प्रयोग होता. सगळ्या वह्यांत एकच निरीक्षण, शब्दसुद्धा तेच: "निवळी प्रथम दुधाळ होते व अधिक काळ वायू सोडल्यास पुन्हा रंगहीन होते." एका वहीत मात्र पेन्सिलीने लिहिलं होतं, "दुधाळ झाली. परत स्वच्छ झाली नाही. खूप फुंकलं. गरगरलं." मी लाल पेनने 'पुन्हा बघ' लिहिलं आणि गुण कापला.

तो मुलगा बरोबर होता. का, ते पुढे येईल. पण त्या दिवसापासून माझ्या वर्गातलं रसायनशास्त्र चांगलं चाललंय की वाईट, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: मुलाच्या वहीत त्याने पाहिलेलं उतरतंय की पुस्तकातलं?

हा लेख राज्य मंडळाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी आहे. वर्गात साठ मुलं, प्रयोगशाळेचं कपाट तपासणीच्या दिवशी उघडणारं, तास पस्तीस मिनिटांचा, आणि डोक्यावर ४० अधिक ४० गुण लेखी, २० प्रात्यक्षिक हे गणित. त्यातच काय करता येतं ते सांगतो. भौतिक-जीव बाजूला ठेवू, फक्त रसायन.

पहिली पायरी: जूनमध्ये चिठ्ठ्या

धडा सुरू करण्याआधी मुलांच्या डोक्यात काय आहे ते काढून घ्या. कोरी चिठ्ठी द्या. त्यावर फक्त एक खूण करायला सांगा, फूल, चांदणी, काहीही, म्हणजे मार्चमध्ये ज्याची चिठ्ठी त्याला परत देता येईल. नाव नको. नाव आलं की मुलं सरांना आवडेल ते लिहितात.

चार प्रश्न पुरतात. पाणी खळखळ उकळताना येणारे बुडबुडे कशाचे? साखर पाण्यात दिसेनाशी झाली, तर पेल्याचं वजन तेवढंच की कमी? मेणबत्ती जळून संपली, मेण गेलं कुठे? लोखंडी खिळा गंजला, त्याचं वजन वाढलं की घटलं?

पहिल्या प्रश्नाला 'हवा' हे उत्तर ढिगाने येतं. हुशार मुलं 'हायड्रोजन आणि ऑक्सिजन' लिहितात, कारण पाणी या दोघांचं बनलेलं असतं हे त्यांनी पाठ केलेलं असतं. बुडबुडे असतात पाण्याच्या वाफेचे. (पातेल्याच्या बुडाला सुरुवातीला चिकटणारे बारीक बुडबुडे खरंच विरघळलेल्या हवेचे असतात. म्हणून प्रश्नात 'खळखळ' हा शब्द सोडू नका, नाहीतर एखादी मुलगी तुम्हालाच पकडेल.) गंजलेला खिळा हलका होतो असंच बहुतेकांना वाटतं, कारण गंज 'खातो' हा आपल्या भाषेतलाच शब्द आहे.

उत्तरं लगेच सांगू नका. चिठ्ठ्यांचे ढीग करा, कुठली चूक किती जणांची आहे ते बघा आणि रबरबँड लावून कपाटात ठेवा.

दुसरी पायरी: शब्दांचे गुंते आधी सोडवा

मराठी माध्यमातल्या मुलाला रसायन अवघड जातं, त्यात अर्धी अडचण शब्दांची असते. आणि ती परक्या शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांची जास्त असते.

सगळ्यात मोठी जोडी 'वितळणं' आणि 'विरघळणं'. घरी आपण दोन्ही एकाच तोंडाने म्हणतो, "साखर वितळली का बघ." वर्गात एकदाच शेजारी शेजारी करून दाखवा: डावात तुपाचा गोळा गरम करा, पेल्यात मीठ ढवळा. मग विचारा, किती पदार्थ लागले? वितळायला एकच पदार्थ आणि उष्णता. विरघळायला दोन पदार्थ. हे दहा मिनिटांचं काम केलं नाही, तर द्रावण, द्रावक, द्राव्य सगळं पुढे डगमगतं.

दुसरा शब्द 'क्षार'. घरी क्षार म्हणजे बोअरच्या पाण्याने बादलीला धरलेला पांढरा थर. पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून पाण्यासोबत मिळणारं संयुग, त्यात मीठही आलं आणि मोरचूदही (कॉपर सल्फेट). दोन्ही अर्थ फळ्यावर मांडा. बादलीवरचा थर पुस्तकातल्या अर्थानेही क्षारच आहे, मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट. ते मुलांना सांगितलं की दोन अर्थांमधली भिंत पडते.

तिसरा 'केमिकल'. "हा गूळ बिनकेमिकलचा आहे" असं बाजारात ऐकून आलेल्या मुलाला पाणी, मीठ, गूळ हे सगळे रासायनिक पदार्थच आहेत हे पटायला वेळ लागतो. वाद होऊ द्या, बरा असतो.

सेमी-इंग्रजीच्या वर्गात उलटं करा. मूळ इंग्रजी शब्द असू द्या, पण समजावताना मराठीत बोला. आणि मराठी माध्यमवाल्यांना वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही भाषांतल्या शब्दांची यादी करायला लावा. अकरावी विज्ञानाला गेल्यावर पहिल्या महिन्यात तीच कामी येते.

तिसरी पायरी: सामान

प्रयोगशाळेच्या सामानाची वाट बघत बसलात तर दिवाळी येईल. गोळ्यांची रिकामी पाकिटं गोळा करा. मागचा चंदेरी कागद पूर्ण सोलून टाकला की प्लास्टिकच्या दहा छोट्या वाट्या तयार. प्रत्येकीत चार-पाच थेंब मावतात. परीक्षानळ्या दहाच असल्या तरी साठ मुलांचा प्रयोग होतो, रसायन शंभर मिलिलिटरच्या जागी दहा मिलिलिटर लागतं आणि सांडलं तर बोळ्याने पुसता येतं. औषधांच्या बाटल्यांचे ड्रॉपर स्वच्छ धुऊन घ्या.

आम्ल की आम्लारी हे रंगावरून दाखवणारे दर्शक स्वयंपाकघरात आहेत. हळदीच्या पाण्यात गाळणकागद बुडवून वाळवा, पट्ट्या कापा. धुण्याचा सोडा, साबण, चुना यांनी पट्टी लाल होते. खाण्याच्या सोड्याने जेमतेम नारंगी होते, तेव्हा "झालंच पाहिजे लाल" म्हणून मुलांशी भांडू नका; तो सोडा सौम्य आहे, आणि तोच फरक शिकवायचा आहे. हळदीची मर्यादाही सांगा: आम्लात आणि नुसत्या पाण्यात ती पिवळीच राहते. त्यासाठी जास्वंद. पाकळ्या गरम पाण्यात टाकून काढलेला अर्क लिंबाने लाल आणि सोड्याने हिरवट होतो. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो, हा प्रश्न आदल्या दिवशी घरी नेऊ द्या. उत्तर आईला विचारून येतात, तेही चालेल.

एकाच वस्तूवर पैसे खर्च करा: सोनार वापरतात तसा खिशात मावणारा काटा, शतांश ग्रॅम दाखवणारा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा इथे उपयोगाचा नाही. का, ते आता.

चौथी पायरी: डोळ्यांसमोर एक बाटली

वस्तुमान अक्षय्य राहतं हा नियम सगळे पाठ म्हणतात. बहुतेक जण तो फुग्याने दाखवतात: बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खाण्याचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडावर. सोडा आत पडतो, फुगा फुगतो, "बघा, वजन तेवढंच!" मीही वर्षानुवर्षं तसंच म्हणत होतो. काटा घेतला आणि पंचाईत झाली. वजन कमी भरलं. मुलांनी लगेच निष्कर्ष काढला: वायूला वजन नसतं.

गळती नव्हती. फुगलेला फुगा आधीपेक्षा जास्त हवा बाजूला सारतो आणि ती हवा त्याला वर उचलते. पाण्यात बुडवलेली वस्तू हलकी वाटते तसंच. पाव लिटरभर फुगला तर सुमारे तीन दशांश ग्रॅम कमी दिसतात. म्हणजे पोकळ आकार वाढू देणारं कुठलंच भांडं या प्रयोगाला चालत नाही.

म्हणून असं करा. कोल्ड्रिंकची अर्ध्या लिटरची, कडक, न चेपलेली बाटली घ्या. ती दाब सहन करायलाच बनवलेली असते. काचेची बाटली मात्र कधीही नको. तिच्यात २० मिलिलिटर व्हिनेगर. एक ग्रॅम खाण्याचा सोडा, मोजून, पातळ टिश्यू पेपरच्या पुडीत. जास्त नको, एक ग्रॅमच. बाटली, झाकण, पुडी सगळं एकत्र काट्यावर ठेवा आणि आकडा फळ्यावर लिहा. पुडी आत टाका, झाकण घट्ट लावा, हलवा. फेस शमला की पुन्हा वजन. आकडा तोच येतो. आता एका मुलीच्या हाताने झाकण सैल करा. फुस्स. पुन्हा वजन करा: तीन-चार दशांश ग्रॅम गेलेले असतात. ते काय होतं, हे मुलांना विचारा आणि गप्प बसा.

गप्प बसणं हेही तंत्र आहे. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलतात. मी मनात 'एक आंबा, दोन आंबा, तीन आंबा' म्हणतो.

पाचवी पायरी: त्या मुलाची निवळी

आता मूळ प्रकरण. पानपट्टीवरच्या खाण्याच्या चुन्याचा एक चमचा लिटरभर पाण्यात ढवळा, रात्रभर झाकून ठेवा, वरचं पाणी गाळून घट्ट बुचाच्या बाटलीत भरा. चुना फार थोडा विरघळतो, लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. तळाशी साका राहिला म्हणजे बिघडलं असं नव्हे.

नळीने फुंकलं की निवळी दुधाळ होते, अर्ध्या-एक मिनिटात. तो कॅल्शिअम कार्बोनेटचा अवक्षेप, म्हणजे न विरघळलेले बारीक कण. पुढचं वाक्य पुस्तकात असतं: वायू सोडत राहिल्यास अवक्षेप विरघळतो. पण आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो चार टक्क्यांच्या आसपास. एवढ्या विरळ वायूने संपृक्त निवळीतला सगळा अवक्षेप विरघळूच शकत नाही. मुलगा गरगरेपर्यंत फुंकेल, निवळी दुधाळच राहील. त्याने दिसलं ते लिहिलं. बाकीच्यांनी पुस्तक लिहिलं, आणि मी पुस्तकाला गुण दिले.

प्रयोग खरा करायचा असेल तर दुकानातला प्यायचा साधा सोडा (सोडावॉटर) आणा, बिनगोडाचा, थंडगार. परीक्षानळीत चमचाभर निवळी. सोड्याचे काही थेंब: दुधाळ. सोडा ओतत राहा, निवळीच्या दुप्पट-तिप्पट: डोळ्यांदेखत स्वच्छ. वर्गातून 'ओऽऽ' येतं. इथे थांबू नका. तीच स्वच्छ नळी हळूहळू तापवा, तोंड भिंतीकडे करून. पुन्हा गढूळ. विरघळलेलं कॅल्शिअम बायकार्बोनेट तापल्यावर मोडतं, वायू निघून जातो आणि कार्बोनेट खाली बसतं. आता विचारा: घरी पाणी तापवायच्या हंड्यात पांढरा थर का बसतो? बोअरच्या गावात हा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

चुन्याने रंगवलेली भिंत दोन-तीन दिवसांनी कडक का होते, हेही याच तासात जोडून टाका. फक्त एक नियम पाळा: नळीतून फुंकायचं, ओढायचं नाही. लहान मुलांचा गोंधळ असेल तर नळीला वरच्या बाजूला टाचणीने भोक पाडा, म्हणजे ओढलं तरी निवळी तोंडात चढत नाही.

सहावी पायरी: तीन मजले

ग्लासगोचे रसायन-शिक्षणाचे संशोधक ॲलेक्स जॉनस्टन यांनी १९९१मध्ये एक साधी गोष्ट मांडली: रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालतं. डोळ्यांना दिसणारी, कणांची आणि चिन्हांची. जाणकार माणूस या तिन्हींत सहज ये-जा करतो, नवख्याला तिन्ही एकदम दिले की त्याचं डोकं भरून जातं. आपण फळ्यावर पहिल्याच मिनिटाला समीकरण लिहितो, म्हणजे थेट तिसऱ्या मजल्यावरून सुरुवात.

उलटी चाल ठेवा. आधी बघणं. मग कणांचं चित्र: वहीत एक चौकट 'आधी', एक चौकट 'नंतर', गोल काढून. साखर विरघळल्यावर काढलेल्या चित्रात साखरेचे गोल गायब असतील, तर तुम्हाला जूनमधल्या चिठ्ठीचं उत्तर तिथेच परत सापडलं. चिन्हं सगळ्यात शेवटी.

समीकरण संतुलित करायला मी चिंचोके आणि हरभरे वापरतो. चिंचोका ऑक्सिजन, हरभरा हायड्रोजन. अणू जोडीने राहतात म्हणून दोन-दोन एकत्र मांडायचे. पाणी बनवताना एक चिंचोका उरतो. हमखास कुणीतरी तो त्याच पाण्याच्या रेणूत कोंबतं आणि हिशेब जुळला म्हणतं. तेव्हा सांगायचं, हे पाणी नाही राहिलं, हे हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जखम धुवायचं. रेणूच्या पोटात हात घालायचा नाही, रेणूंची संख्या वाढवायची. हे एकदा हाताने केलेली मुलं फळ्यावर खालचा छोटा अंक बदलण्याची चूक सहसा करत नाहीत.

नववीतला मोलही (कणांची एक ठरावीक संख्या) असाच उरकता येतो. शंभर हरभरे मोजून वजन करा, मग वाटीभर हरभरे न मोजता फक्त तोलून संख्या काढा. तोलून मोजणं, एवढंच. ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात हा आकडा नंतर आला तरी भीती वाटत नाही.

सातवी पायरी: गावातलं रसायन वर्गात

विस्थापन अभिक्रियेसाठी (एक धातू दुसऱ्याला द्रावणातून बाहेर काढतो ती) गोळ्यांच्या पाकिटात मोरचुदाचं द्रावण (१०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम) आणि पॉलिश पेपरने घासलेला बारीक खिळा. काही मिनिटांत खिळ्यावर तांबूस थर. सगळेच करतात.

एकदा मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "सर, आमचे आबा बोर्डोत विळा बुडवून बघतात." द्राक्षबागायतदाराचं पोर. वर्गातल्या निम्म्यांना माहीत होतं, मला नव्हतं. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. एक टक्क्याचं करायला १०० लिटर पाण्यात प्रत्येकी एक किलो. फ्रान्समधल्या बोर्डो भागात १८८०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी ते द्राक्षाच्या केवडा रोगावर पुढे आणलं. चुना कमी पडला तर द्रावणात मोकळं तांबं उरतं आणि पानं करपतात. म्हणून फवारणीआधी लोखंडी विळा मिनिटभर बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना. आणि मिश्रण लोखंडी भांड्यात करत नाहीत, प्लास्टिकच्या टाकीत करतात. एका वाक्यात विस्थापन, उदासिनीकरण आणि क्रियाशीलता श्रेणी.

तुमच्या गावात विळा नसेल. गुऱ्हाळ असेल, मीठागर असेल, बॅटरी दुरुस्तीचं दुकान असेल, पितळी भांडी चिंचेने घासणारी आजी असेल. धड्याच्या आदल्या दिवशी एकच प्रश्न घरी पाठवा आणि उत्तरं तास सुरू होताना पाच मिनिटं ऐका.

सुरक्षितता

इथे ढिलाई नाही. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकमेकांच्या जवळही ठेवायचं नाही, मिसळलं तर विषारी क्लोरीन निघतो. चव कशाचीच घ्यायची नाही, लिंबाचीसुद्धा, एकदा ते प्रयोगाच्या टेबलावर आलं की. डोळ्यांत काही गेलं, विशेषतः चुना, तर लगेच वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं आणि तसंच दवाखान्यात. आम्लावर सोडा, सोड्यावर लिंबू असले उपाय अंगावर करायचे नाहीत. उरलेलं मोरचुदाचं द्रावण मोरीत ओतू नका. त्यात भांडी घासायची लोखंडी जाळी टाकून ठेवा, निळा रंग जाईपर्यंत. हाही एक प्रयोगच.

आठवी पायरी: वही आणि गुण

निरीक्षणाचं पान प्रयोग चालू असतानाच, पेनने, घरी न नेता. सुवाच्य वही नंतर करू दे, पण ते कच्चं पान तिला टाचलेलं हवं. अपेक्षेपेक्षा वेगळं दिसलं तर पूर्ण गुण, आणि 'का असावं?' याला एक ओळ. हा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा, कारण मुलांचा विश्वास बसायला दोन-तीन प्रयोग जातात.

'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नात मुलं प्रश्नच उलटा करून लिहितात. त्यांना तीन वाक्यांची सवय लावा: काय आहे, त्यावर काय होतं, म्हणून काय दिसतं. उत्तरपत्रिका तपासताना गुण देण्याआधी तीन ढीग करा: कळलंय, शब्द चुकले, कल्पनाच चुकली. दुसऱ्या ढिगाला सराव द्या. तिसऱ्याला सराव देऊन उपयोग नाही, त्यांना बाटली पुन्हा दाखवावी लागते.

सहकारी शिक्षकाला महिन्यातून एकदा मागच्या बाकावर बसवा. शिकवणं कसं वाटलं असं विचारू नका, "किती मुलं बोलली आणि कोण बोललंच नाही" एवढंच लिहून मागा.

मार्चमध्ये, सराव परीक्षा संपली की, तेच चार प्रश्न पुन्हा द्या आणि मग रबरबँड सोडून जूनच्या चिठ्ठ्या वाटा. फूल, चांदणी, पतंग. आपापली खूण सगळ्यांना आठवते. जुनी उत्तरं वाचून हसतात, लपवतात. ज्यांनी दोन्ही वेळा 'हवा' लिहिलंय, त्यांच्या चिठ्ठ्या मी ठेवून घेतो. पुढच्या जूनचं नियोजन त्यांच्यापासून सुरू होतं.